पवईच्या रानातली तंत्रसंस्था

१९४५–१९५७ : पूर्वपीठिका

दुसरे महायुद्ध संपत आले होते, स्वातंत्र्य दृष्टिपथात होते. धरणे, वीजकेंद्रे, पोलादाचे कारखाने उभारायचे हे ठरत होते, पण ते उभारणारे अभियंते देशात पुरेसे नव्हते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तत्कालीन केंद्र सरकारने नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली २२ सदस्यांची समिती नेमली. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चारही दिशांना उच्च तंत्रशिक्षणाची किमान एकेक संस्था हवी आणि ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तोडीची हवी, अशी शिफारस समितीने केली. पहिली संस्था १९५१ मध्ये खरगपूरला, हिजलीच्या जुन्या बंदीशाळेच्या इमारतीत सुरू झाली. ज्या इमारतीत ब्रिटिशांनी स्वातंत्र्यसैनिकांना कोंडले होते, तिथेच स्वतंत्र भारताचे अभियंते घडू लागले. दुसरी संस्था पश्चिमेला, म्हणजे मुंबईला व्हायची होती : आजची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आयआयटी मुंबई.

मुंबई इलाख्यात तंत्रशिक्षणाची परंपरा नवी नव्हती. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे, माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ पासूनचे, तर विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले यूडीसीटी, १९३३ पासूनचे. नव्या संस्थेच्या आखणीचे काम ज्यांच्याकडे आले, ते प्रा. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर व्हीजेटीआयमध्येच विद्युत अभियांत्रिकी शिकवत होते. धारवाडला जन्म, मुंबईत शिक्षण, पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि लिव्हरपूलची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास. नियोजन अधिकारी म्हणून त्यांनी कागदावर उभी केलेली संस्था पुढे प्रत्यक्षात उभी राहिली. ती उभी राहीपर्यंत सरकारने त्यांना कानपूरच्या नव्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून धाडले, ही गोष्ट वेगळी.

पैसा आणि यंत्रसामग्री यांची व्यवस्था युनेस्कोमार्फत झाली. यंत्रे आणि तज्ज्ञ मुख्यत्वे सोव्हिएत संघाने द्यायचे. इमारती आणि रोजचा खर्च भारत सरकारने उचलायचा, असा करार होता. पुढे मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका आणि दिल्लीला ब्रिटन मदतीला आले. शीतयुद्धाच्या ऐन भरात एकमेकांकडे पाठ फिरवलेली राष्ट्रे एकाच देशातल्या भावंड संस्था उभारत होती, हे आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे.

जागा मुंबई राज्याने दिली : शहरापासून १८ मैलांवर, पवईला ५५० एकर. साष्टी बेटाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला, तर पश्चिमेला गोराईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधोमध बोरिवली–येऊरच्या डोंगररांगा दिसतात. या रांगांच्या दक्षिण पायथ्याला विहार आणि पवई हे दोन तलाव आहेत आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात संस्थेची जमीन. एकोणिसाव्या शतकात फ्रामजी कावसजी यांनी पवईच्या आपल्या जहागिरीत ऊस, रेशीम असे शेतीचे नवनवे प्रयोग केले होते. पवईचा तलाव १८९१ चा. पन्नासच्या दशकात इथे झाडी, गवत, पवई आणि तिरंदाज ही गावे आणि तळ्याकाठचे पद्मावती देवीचे देऊळ एवढेच होते. देऊळ आजही संस्थेच्या आवारात आहे आणि तिथे रोज दिवा लागतो.

१९५८–१९६९ : वरळीहून पवईला

फेब्रुवारी १९५८ मध्ये शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे निधन झाले. खरगपूरच्या संस्थेचे उद्घाटन त्यांनीच केले होते. त्यांच्या पश्चात शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधन यांचे एकत्र मंत्रालय विभागले गेले आणि तंत्रशिक्षणाचा कारभार प्रा. हुमायून कबीर यांच्या वैज्ञानिक संशोधन व सांस्कृतिक कार्य मंत्रालयाकडे आला. काही वर्षांनी तो पुन्हा शिक्षण मंत्रालयात परतला, १९८५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयात गेला आणि २०२० मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालयात. दिल्लीत पाटी अशी वारंवार बदलली. पण अनुदान आले, पदे मंजूर झाली आणि संस्थेच्या वर्गात काय शिकवायचे हे संस्थेनेच ठरवले. ही शिस्त सरकारने सात दशके बहुतांशी पाळली, म्हणूनच पवईचे काम उभे राहिले, असे माझे ठाम मत आहे.

पवईत गवंडीकाम चालू असतानाच २५ जुलै १९५८ रोजी पहिले शैक्षणिक सत्र सुरू झाले, ते वरळीला सास्मिराच्या इमारतीत. सास्मिरा म्हणजे कृत्रिम रेशीम गिरण्यांची संशोधन संस्था. तिने या पाहुण्याला जागा दिली, हे ऋण या स्मरणिकेत नोंदवलेच पाहिजे. ३,४०० हून अधिक अर्जांतून १०० विद्यार्थी निवडले गेले. शाखा पाच : स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन आणि धातुशास्त्र. १० मार्च १९५९ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी पवईला कोनशिला बसवली. ब्रिगेडियर एस. के. बोस यांनी संचालकपदाची धुरा सांभाळली. लष्करी शिस्तीचा हा माणूस साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत संस्थेच्या उभारणीत गुंतलेला होता.

त्या वर्षांतल्या अडचणींची आज कल्पना येणे कठीण आहे. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, रात्री अंधार, साप नित्याचेच. डोंगरातून बिबट्या उतरायचा, तो अजूनही अधूनमधून उतरतो. अशा जागी प्राध्यापक कुटुंबकबिला घेऊन राहायला आले. सोव्हिएत संघातून आळीपाळीने ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले, तर इथले २७ अध्यापक तिकडे प्रशिक्षणाला जाऊन आले. १९६५ मध्ये दोन्ही सरकारांत थेट करार झाला आणि यंत्रसामग्रीत आणखी भर पडली. या यंत्रांबरोबर आलेली माहितीपत्रके रशियनमध्ये. ती लावून घेणे, बिघडल्यावर सुटे भाग इथेच घडवून पुन्हा चालू करणे हे काम प्रयोगशाळेतल्या साहाय्यकांनी आणि मेकॅनिकांनी केले. त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर आली नाहीत.

वर्कशॉपचा उल्लेख वेगळा करायला हवा. शालान्त परीक्षेत पहिल्या पन्नासात आलेला मुलगा पहिल्या वर्षाला निळा डगला चढवून व्हाइससमोर उभा राहायचा. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा कानशीने घासून चौरस करायचा. मुलगा जोर लावून दोन्ही दिशांनी कानस ओढायचा, कडा गोल व्हायची, गुण्या लावला की फटीतून उजेड दिसायचा. मग शेजारी उभा असलेला फिटर त्याच्या हातावर हात ठेवून दाखवायचा की कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. आणि अंगाचा भार खांद्यातून नव्हे, पायांतून येऊ द्यायचा. त्या फिटरचे स्वतःचे शिक्षण बेताचे असेल, पण देशाच्या नावाजलेल्या अभियंत्यांना लोखंडाची पहिली ओळख त्यानेच करून दिली.

संसदेने १९६१ मध्ये तंत्रसंस्था कायदा केला. त्याने या संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा, स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आणि स्वायत्तता दिली. राष्ट्रपती कुलाध्यक्ष, तंत्रशिक्षणाचा कारभार पाहणारे केंद्रीय मंत्री समन्वय परिषदेचे अध्यक्ष आणि दैनंदिन कारभार संस्थेच्या नियामक मंडळाकडे, अशी ती रचना. १९६२ मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली.

याच दशकात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२ संगणक पवईत आला. खोली व्यापणारे, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे हे यंत्र मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीला संगणकाची पहिली तोंडओळख करून देणारे ठरले.

१९७० चे दशक : केळकर परत येतात

१९७० मध्ये प्रा. केळकर कानपूरहून संचालक म्हणून परतले. ज्या संस्थेचा आराखडा आखला, तिचा कारभार हाती घेण्याची संधी फार थोड्यांना मिळते. चांगला अभियंता होण्यासाठी मूळ विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन्हींचा पाया लागतो, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीनंतर प्रा. ए. के. डे यांनी दशकभर संस्था सांभाळली. या काळात विद्यार्थ्यांच्या मागण्या, कर्मचाऱ्यांचे प्रश्न, प्राध्यापकांतील मतभेद असे प्रसंग आले. चर्चेतून ते मार्गी लागले आणि शिकवणे चालूच राहिले.

मिन्स्कची जागा पुढे ईसी-१०३० या संगणकाने घेतली. पत्त्यांसारख्या कार्डांचा जुडगा खिडकीत द्यायचा आणि छापील उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी हेलपाटा घालायचा. एखादा स्वल्पविराम चुकला तर दिवस वाया. त्या पिढीतले लोक आजही सांगतात की कार्ड देण्यापूर्वी प्रत्येक ओळ दहादा वाचायची सवय तिथेच लागली.

या दशकातल्या विद्यार्थ्यांत १९७८ मध्ये पदवी घेतलेले दोघे महाराष्ट्र–गोव्याच्या वाचकाला परिचयाचे आहेत : विद्युत शाखेचे नंदन नीलेकणी आणि धातुशास्त्राचे मनोहर पर्रीकर. म्हापशाहून आलेले पर्रीकर पुढे गोव्याचे मुख्यमंत्री झाले. आयआयटीचा पदवीधर मुख्यमंत्री होण्याची देशातली ती पहिलीच वेळ.

१९८० चे दशक : देवनागरी आणि गावाकडची वाट

संस्थेच्या इतिहासात मराठी माणसाने अभिमानाने थांबून पाहावे, असे एक दालन आहे : औद्योगिक अभिकल्प केंद्र, सगळ्यांच्या तोंडी आयडीसी. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने ते १९६९ मध्ये पवईत सुरू केले आणि जर्मनीत उल्म इथे शिकून आलेले प्रा. सुधाकर नाडकर्णी यांनी त्याची घडण केली. अभियंत्यांच्या संस्थेत चित्रकला आणि सुलेखन शिकवायचे, हे अनेकांना तेव्हा विचित्र वाटले होते. १९८३ ते १९९६ या काळात इथे र. कृ. जोशी शिकवत होते. जाहिरात क्षेत्रातून आलेला हा सुलेखनकार अक्षराचा विचार हाताने आणि गणिताने असा दोन्ही अंगांनी करायचा. देवनागरीत मात्रा कुठे बसते, जोडाक्षर उभे रचायचे की आडवे, शिरोरेषा कुठे तुटते, रफार कोणत्या अक्षराच्या डोक्यावर जातो, या प्रश्नांची यंत्राला समजतील अशी उत्तरे त्यांनी शोधली. संस्था सोडल्यावर त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज संगणकांबरोबर घरोघर पोहोचला. तलाठ्याच्या कार्यालयापासून वृत्तपत्रापर्यंत लाखो लोकांनी संगणकावर मराठी पहिल्यांदा पाहिली, ती याच अक्षरांत. याच केंद्रात डॉक्टरेट करणारे डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्यातही देवनागरी ‘र’ आणि शिरोरेषा आहे.

१९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे सितारा हे केंद्र सुरू झाले. पवईच्या कुंपणापलीकडे महाराष्ट्र आहे, याची ती जाणीव होती. प्रारंभी हे काम छोटे होते, पण त्याला पुढे मोठे फळ आले. ते योग्य ठिकाणी सांगतो.

मुंबईची उपनगरे याच काळात झपाट्याने वाढली. जागतिक बँकेच्या साहाय्याने गोराई, चारकोप इथे छोट्या भूखंडांच्या वसाहती वसल्या. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक तिथे राहायला गेले. या घरांतल्या मुलांना आयआयटी ठाऊक होती, पण तिची प्रवेश परीक्षा त्यांच्या शाळेच्या पुस्तकांपासून दूर होती आणि शिकवणीचा खर्च पेलणारा नव्हता. हे अंतर आजही पुरते मिटलेले नाही.

१९९० चे दशक

नव्या आर्थिक धोरणात सरकारने अनुदानाची पद्धत बदलली आणि संस्थांनी काही उत्पन्न स्वतः उभे करावे असे सांगितले. माजी विद्यार्थी पुढे आले. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांचा हेरिटेज फंड स्थापन झाला. शैलेश मेहता यांच्या देणगीचे व्यवस्थापन विद्यालय आणि कंवल रेखी यांच्या देणगीचे माहिती तंत्रज्ञान विद्यालय याच दशकातले. १९९५ ते २००० या काळात प्रा. सुहास सुखात्मे संचालक होते. उष्णता संक्रमण आणि सौर ऊर्जा या विषयांवरची त्यांची पाठ्यपुस्तके देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभ्यासली जातात. ‘मूड इंडिगो’ या सांस्कृतिक महोत्सवाच्या जोडीला १९९८ मध्ये ‘टेकफेस्ट’ हा तंत्रमहोत्सव सुरू झाला आणि डिसेंबर–जानेवारीत आवार गजबजू लागले.

२००० चे दशक : सुवर्ण महोत्सव

२००३ पासून सात आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मंत्रालयाच्या पाठबळावर आपले वर्ग ध्वनिचित्रफितींतून सर्वांना विनामूल्य खुले केले. २००४ मध्ये नवउद्योगांना आसरा देणारे ‘साइन’ सुरू झाले. सुवर्ण महोत्सवी वर्षापासून, म्हणजे २००८ पासून इतर मागासवर्गीयांसाठी टप्प्याटप्प्याने २७ टक्के जागा राखीव झाल्या आणि एकूण जागाही वाढल्या. त्यावर देशात बरीच चर्चा झाली. पवईत मात्र वसतिगृहे, वर्ग आणि प्रयोगशाळा वाढवण्याच्या कामाला सगळे लागले. गांधीनगर आणि इंदूर इथल्या नव्या आयआयटींचे पालकत्वही संस्थेकडे आले.

याच काळात लातूरला महानंद दुग्धशाळेच्या आवारात ‘अरुण’ नावाची सौर तबकडी बसली. सुमारे १६० चौरस मीटरचा हा आरसा दिवसभर सूर्याच्या मागे फिरतो आणि एकवटलेल्या उष्णतेवर दूध पाश्चराइझ होते. पवईतले संशोधक आणि क्लिक डेव्हलपमेंट्स ही कंपनी यांनी तो घडवला. त्यात आघाडीवर असलेले प्रा. शिरीष केदारे संस्थेचेच विद्यार्थी. २०२४ मध्ये ते संचालक झाले.

२०१० चे दशक : कुंपणापलीकडे

शिक्षणाच्या प्रसाराचे काम या दशकात जोमाने झाले. प्रा. दीपक फाटक यांनी एकाच वेळी दूरवरच्या महाविद्यालयांतल्या हजारो अध्यापकांना प्रशिक्षण दिले. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मुक्त संगणक प्रणालींचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले. दोन्ही कामांना मंत्रालयाच्या माहिती तंत्रज्ञान शिक्षण अभियानाचा आधार होता. प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या भाषा तंत्रज्ञान केंद्रात ‘मराठी शब्दबंध’ तयार झाला. शब्दांचे परस्परसंबंध यंत्राला समजतील असे विणणारा हा कोश पुढच्या अनेक भाषिक साधनांच्या मुळाशी आहे. विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून अवकाशात गेला.

पण मला या दशकातले सर्वांत मोलाचे काम वाटते, ते पाण्याचे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि सितारातले सहकारी अनेक वर्षे गावोगाव फिरून पाणी, विहिरी आणि नळयोजना यांचा अभ्यास करत होते. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्यातला पाण्याचा ताळेबंद या गटाने तयार केला. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या हजारो गावांचा हा प्रकल्प. एखाद्या गावात खरिपात किती पाऊस पडला, त्यातला किती वाहून गेला, किती मातीत मुरला, पिकाला कधी किती लागले आणि पावसाने ओढ दिली तर कोणत्या शिवारात पीक आधी माना टाकेल, याचा हिशेब मातीची खोली आणि उतार धरून मांडायचा. तो हिशेब ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि मगच शेततळे, बंधारा की आणखी काही, हे ठरवायचे. ज्यांच्या करातून संस्था उभी राहिली, त्यांच्या बांधावर संस्थेने जाऊन उभे राहणे यालाच मी संशोधन म्हणतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने संस्थेला ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’चा दर्जा दिला. ते संस्थेचे हीरक महोत्सवी वर्षही होते.

२०२० नंतर

कोविडची साथ आली आणि आवार रिकामे झाले. ऑगस्ट २०२० चा पदवीदान समारंभ आभासी जगात झाला. प्रत्येक पदवीधराची संगणकीय प्रतिकृती मंचावर येऊन पदवी स्वीकारत होती. एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनचा तुटवडा असताना प्रा. मिलिंद अत्रे यांच्या गटाने एक साधी वाटणारी युक्ती करून दाखवली. कारखान्यांत हवेतून नायट्रोजन वेगळा करणारी यंत्रे जागोजागी असतात. त्यांतली कार्बनची चाळणी काढून झिओलाइटची बसवली की तेच यंत्र ऑक्सिजन देते. अवघ्या काही दिवसांत पवईच्या प्रयोगशाळेत ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन निघाला. ही पद्धत गुप्त न ठेवता देशातल्या सर्वांसाठी खुली केली गेली. बंद आवारात त्या दिवसांत काम करणारे तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि मेसचे आचारी यांची आठवण या स्मरणिकेत ठेवणे आपले कर्तव्य आहे.

२०२३ मध्ये, संस्थेत पाऊल ठेवल्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, नंदन नीलेकणी यांनी ३१५ कोटी रुपये दिले. २०२४ पासून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने दोन मोठी कामे पवईतून चालली आहेत : भारतीय भाषांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडवणारा ‘भारतजेन’ प्रकल्प आणि राष्ट्रीय क्वांटम अभियानातले संवेदन व मापनाचे केंद्र. शब्दबंधापासून चाललेल्या भाषेच्या कामाला ‘भारतजेन’मुळे पुन्हा बळ मिळाले आहे.

आणि कर्करोगावरचा उपचार. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करायचा की त्या कर्कपेशी ओळखतील, आणि मग त्या पुन्हा शरीरात सोडायच्या. ही कार-टी उपचारपद्धती प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांबरोबर भारतात विकसित केली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचे लोकार्पण केले. परदेशातल्या किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्शात ती इथे मिळू लागली आहे. तरीही ही रक्कम लाखांच्या घरात आहे आणि परळला टाटाच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला ती झेपत नाही. ती त्यांच्या आवाक्यात आणणे हे पवई आणि परळ या दोन्ही संस्थांपुढचे पुढच्या दशकातले काम आहे.